वोल्फेनची फिल्म आणि दोन जर्मनी

सत्तरच्या दशकात आपल्याकडे रंगीत चित्रपट पाहणाऱ्यांना श्रेयनामावलीतले 'ऑर्वोकलर' हे नाव आठवत असेल. ही कच्ची फिल्म पूर्व जर्मनीतून येई. त्या देशाशी भारताचा व्यापार रुपयांत चालत असल्याने तिच्यासाठी डॉलर मोजावे लागत नसत. ती तयार होई लाइपझिगच्या उत्तरेला, वोल्फेन नावाच्या गावी. जर्मनीची फाळणी आणि एकीकरण आजवर बहुतेकांनी बर्लिनच्या भिंतीपाशी उभे राहून सांगितले. वोल्फेनच्या कारखान्यातून पाहिले, तर त्या इतिहासाचा हिशेब अधिक स्पष्ट लागतो, असे माझे मत आहे.

आग्फा कंपनीने हा कारखाना पहिल्या महायुद्धापूर्वी उभारला. १९३६ साली जगासमोर आलेली 'आग्फाकलर' ही रंगीत फिल्म इथलीच. एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकी सैन्य इथे पोहोचले. पण कोणाचा ताबा कुठवर, हे मित्रराष्ट्रांनी सप्टेंबर १९४४ मध्येच लंडनला ठरवून टाकले होते आणि त्या रेषेनुसार वोल्फेन सोव्हिएत विभागात पडत होते. जुलैच्या सुरुवातीला अमेरिकी सैन्य मागे हटले, ते कारखान्यातली तांत्रिक कागदपत्रे बरोबर घेऊनच. मागून सोव्हिएत सैन्य आले आणि नुकसानभरपाई म्हणून त्याने यंत्रसामग्री उचलून नेली. कंपनीचा पश्चिमेतला भाग लेव्हरकुझेनला नव्याने उभा राहिला आणि आग्फा हे नाव दोघेही वापरू लागले.

देशाचेही तेच झाले. जून १९४८ मध्ये पश्चिमेच्या तीन विभागांत नवे चलन आले. सोव्हिएतांनी पश्चिम बर्लिनची नाकेबंदी केली. ती मे १९४९ पर्यंत टिकली आणि त्या काळात शहराला कोळसा आणि पीठ विमानांनी पुरवावे लागले. २३ मे १९४९ रोजी पश्चिमेत मूलभूत कायदा, म्हणजे तिथली राज्यघटना, जाहीर झाला आणि ७ ऑक्टोबरला पूर्वेत दुसरे राज्य घोषित झाले. आधी नोटा वेगळ्या झाल्या, राज्ये मागाहून. १३ ऑगस्ट १९६१ च्या पहाटे बर्लिनमध्ये तारा ओढल्या गेल्या, तोवर सत्तावीस लाखांच्या आसपास माणसे पूर्वेतून निघून गेली होती. कारखान्याच्या नावाची वाटणी त्यानंतर झाली. १९६४ साली आग्फा पश्चिमेकडे राहिले आणि वोल्फेनने 'ओरिजिनल वोल्फेन' यावरून 'ऑर्वो' हे नाव घेतले.

या कारखान्याकडे केवळ हळहळीने पाहणेही बरोबर नाही. ऐंशीच्या दशकाअखेरीस इथे चौदा-पंधरा हजार लोक कामाला होते आणि त्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. फिल्मला उजेड चालत नाही, म्हणून कितीतरी जणी आठ-आठ तास अंधारात, हाताच्या अंदाजाने काम करत. कारखान्याचे सांडपाणी आणि गाळ जुन्या कोळसा खाणीच्या खड्ड्यात सोडला जाई. लोक त्याला 'रुपेरी तळे' म्हणत. शेजारच्या बिटरफेल्डची हवा इतकी खराब होती की, १९८८ मध्ये काही पर्यावरणवाद्यांनी जिवावर उदार होऊन तिथे चोरून चित्रीकरण केले आणि ते पश्चिम जर्मन दूरचित्रवाणीवर दाखवले गेले. पूर्व जर्मनीत प्रदूषणाची आकडेवारी गुप्त ठेवली जाई. जे मोडले ते सारेच राखण्याजोगे होते, असे म्हणता येत नाही.

९ नोव्हेंबर १९८९ च्या संध्याकाळी पूर्व जर्मनीच्या सत्ताधारी पक्षाचे प्रवक्ते गुंटर शाबोव्स्की यांनी पत्रकार परिषदेत प्रवासाचे नवे नियम तत्काळ लागू असल्याचे सांगून टाकले आणि रात्रीच बर्लिनच्या सीमेवरचे बोर्नहोल्मर श्ट्रासेचे फाटक उघडले. पुढचा वेग लोकांनीच ठरवला. १८ मार्च १९९० च्या पूर्व जर्मनीतल्या निवडणुकीत झटपट एकीकरण मागणाऱ्या आघाडीला ४८ टक्के मते पडली. पश्चिमी मार्क इकडे आला नाही तर आम्ही तिकडे जाऊ, असे लोक रस्त्यावर उघड बजावत होते.

मार्क आला १ जुलै १९९० रोजी. पगार एकास एक दराने बदलले, बचतही ठरावीक रकमेपर्यंत त्याच दराने. सामान्य माणसाला हा न्याय वाटला आणि माणूस म्हणून तो होताही. कारखान्यासाठी मात्र तो घाव ठरला. निर्यातीतून एक पश्चिमी मार्क मिळवायला तोवर सुमारे ४.४ पूर्व मार्क खर्ची पडत. आता सगळा खर्चच पश्चिमी मार्कांत आला. रूबल किंवा रुपयांत फिल्म घेणाऱ्या जुन्या गिऱ्हाइकांपुढे एका रात्रीत दुर्मीळ परकीय चलन मोजण्याची वेळ आली. वोल्फेनची बाजारपेठ अशी गेली. मालाचा दर्जा हे त्यामागचे एक कारण होते, एकमेव नव्हे.

सरकारी उद्योग विकण्यासाठी 'ट्रॉयहांट' ही संस्था नेमली होती. सुमारे चाळीस लाख कामगारांचे भवितव्य तिच्या हाती आले. तिचे प्रमुख डेटलेव्ह रोव्हेडर यांची १ एप्रिल १९९१ रोजी ड्युसेलडॉर्फमध्ये गोळी घालून हत्या झाली. काम थांबले नाही. १९९४ अखेर संस्था बंद झाली, तेव्हा अडीचशे अब्ज मार्कांहून अधिक तोटा हिशेबात होता. त्याच वर्षी वोल्फेनमधले फिल्मचे उत्पादन थांबले. पूर्वेत १९८९ साली जवळपास दोन लाख बाळे जन्मली होती, १९९४ साली ऐंशी हजारांच्याही आत. हा आकडा मला कुठल्याही ताळेबंदापेक्षा जास्त बोलका वाटतो. घरोघरी लोकांनी भविष्य पुढे ढकलले होते.

राजकीय घाई समर्थनीय होती, असे मी ठामपणे म्हणेन. ऑगस्ट १९९१ मध्ये मॉस्कोत गोर्बाचेव्ह यांच्याविरुद्ध बंड झाले. दोन जर्मनी आणि युद्धातली चार विजेती राष्ट्रे यांच्यातला १२ सप्टेंबर १९९० चा 'दोन अधिक चार' करार तोवर लांबला असता, तर तो झालाच असता याची हमी नव्हती. पण कारखाने विकण्याची घाई त्या जातीची नव्हती. तिथे वेळ देता आला असता, आणि अंधारात फिल्म बनवणाऱ्या त्या स्त्रियांना विचारताही आले असते.

३ ऑक्टोबर १९९० रोजी पूर्व जर्मनी मूलभूत कायद्याच्या कलम २३ नुसार पश्चिमेत सामील झाली. दुसरी वाट कलम १४६ ची होती: दोन्हीकडच्या जनतेने मिळून नवी राज्यघटना करायची. एकीकरणानंतर शब्दांत थोडा बदल होऊन ते कलम कायद्यात आजही आहे. ते आजवर एकदाही वापरले गेलेले नाही.