यिनहुआचं ददियाल

मे महिन्यात आम्ही ननियालला, म्हणजे आजोळी जायचो. वडिलांकडचं घर ते ददियाल. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली वैद्यकीय पथकातून चीनला गेले. तिथेच 1941 मध्ये त्यांनी क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं. ऑगस्ट 1942 मध्ये मुलगा झाला, नाव यिनहुआ. ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. तो चार महिन्यांचाही नव्हता, तोच 9 डिसेंबरला वडील गेले. 1967 साली, वैद्यकीचं शिक्षण घेताना, तोही गेला. तरीही क्वोबाई सासरच्या माणसांना भेटायला भारतात येत राहिल्या. सुट्टीला आलेल्या भाचरांना मी भैय्या चौकातलं कोटणिसांचं घर दाखवतो आणि सांगतो, ‘हे यिनहुआचं ददियाल.’