दगडाला जीभ लावणारी माणसं

पुराजीवशास्त्राचा नवखा एम.एस्सी. विद्यार्थी फील्डवर दगड चाटताना दिसला, तर हसू नका. सच्छिद्र जीवाश्म हाड बऱ्याचदा जिभेला चिकटतं. साधा दगड सहसा सुटून येतो. (आधी माती पुसावी, एवढंच.)

खरी कसोटी मात्र लेंडांची!

चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथल्या शिवारात डायनासोरच्या काळातली, सुमारे ६.५ कोटी वर्षांपूर्वीची लेंडं दगड होऊन पडलीत. त्यांचा चुरा आम्लात टाकायचा, उरलेला गाळ काचपट्टीवर घ्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून तासन्‌तास बसायचं. वनस्पतींच्या पेशींत तयार झालेले सिलिकाचे बारीक कण त्यात टिकून असतात. गवताच्या कणांची घडण निराळी. ती ओळखणारी नजर पुस्तकातून येत नाही, शेकडो काचपट्ट्या पाहूनच येते.

वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग आणि सहकारी संशोधकांना पिसदुऱ्याच्या लेंडांत गवताचे कण दिसले. २००५मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात शोधनिबंध आला आणि गवत डायनासोरनंतरचं, ही समजूत ढासळली.

तुमच्याकडे असा दगड दिसला, तर उचलू नका. शेजारी नाणं ठेवून फोटो काढा, जागा नोंदवा आणि जाणकारांना बिनधास्त विचारा.