कच्चा कापूस आणि अवरक्त किरण

पारिभाषिक शब्दांच्या तासाला एका विद्यार्थिनीने ‘इम्मॅच्युअर कॉटन’साठी ‘कच्चा कापूस’ असे लिहिले. चूक म्हणता येईना. पण व्यापारात कच्चा कापूस म्हणजे सूत न कातलेला कोणताही कापूस, मग तो कितीही पक्व असो. न पिकलेले आणि प्रक्रिया न झालेले, या दोहोंना मराठीत ‘कच्चा’ चालतो. येथे ‘अपक्व’च हवा. मात्र तेवढ्याने अर्थ उलगडत नाही, कारण तंतूचे पिकणे आंब्यासारखे नसते.

कापसाचा प्रत्येक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच पेशी. फूल उमलल्यानंतर सुमारे तीन आठवडे ती लांब होत जाते. मग तिच्या भिंतीला आतून सेल्युलोजचे थर चढतात. बोंड फुटले की तंतू वाळतो, आतली पोकळी मिटते आणि नळीची पिळदार फीत होते. भरपूर थर चढले तो तंतू पक्व, भिंत पातळ राहिली तो अपक्व. अपक्व तंतू दुबळे असतात. पिंजताना त्यांच्या बारीक गाठी होतात आणि रंगवलेल्या कापडावर त्या फिकट ठिपक्यांसारख्या दिसतात. तोवर शेतकरी, व्यापारी, गिरणी या सर्वांचे व्यवहार होऊन गेलेले असतात.

बाजारात परीक्षा होते ती ‘मायक्रोनेअर’ने. ठरावीक वजनाचा कापूस दाबून त्यातून हवा सोडायची आणि ती किती सहज जाते ते पाहायचे. आपल्या हमीभावाच्या वर्गवारीतही लांबीबरोबर हा आकडा असतो, २९.५ ते ३०.५ मि.मी. लांबीच्या कापसाला ३.५ ते ४.३. अडचण अशी की जातीनेच बारीक पण पक्व तंतू आणि जाड पण अपक्व तंतू यांचा आकडा सारखाच येऊ शकतो. हवेला बारीकपणा व पक्वता वेगळे करता येत नाहीत. म्हणजे चांगल्या मालाला उणे ठरवले जाण्याचा धोका राहतोच.

अवरक्त किरणांची वाट निराळी आहे. (या शब्दातले ‘रक्त’ म्हणजे तांबडा, अवरक्त म्हणजे तांबड्याच्या खालचा. मुले दरवर्षी त्याचा संबंध रक्ताशी जोडतात.) रेणूंतील बंध आपापल्या ठरलेल्या तरंगलांबीचे किरण शोषतात. सेल्युलोज वाढले की शोषणाचा आलेख बदलतो, आणि त्यावरून भिंत किती भरली हे कळते. साध्या वर्णपटात झुबक्याची सरासरी मिळते. प्रतिमांकनात मात्र संवेदकाच्या हजारो सूक्ष्म घरांपैकी प्रत्येक घर स्वतंत्र वर्णपट टिपते, म्हणून झुबक्यात कोठे पक्व आणि कोठे अपक्व तंतू आहेत याचा नकाशाच हाती येतो. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या न्यू ऑर्लीन्स येथील संशोधकांनी २०१६ साली तंतूंच्या झुबक्यांवर ही पद्धत वापरली.

कापूस हवेतली ओल ओढतो आणि पाणीही हे किरण शोषते, तेव्हा नमुना आधी ठराविक आर्द्रतेत ठेवावा लागतो. शिवाय एका वेळी दिसतो तो मि.मी.च्या हिशेबातला तुकडा. गाठीच्या गाठी अशा तपासता येणार नाहीत. त्यामुळे बाजारात अजून हवेचेच यंत्र आहे. नवा वाण निवडणाऱ्या संशोधकाला मात्र मूठभर रुईतून बरेच कळू शकते.

विद्यार्थिनीने अखेर ‘अपक्व तंतूंचा कापूस’ असे लिहिले. शब्द तीन झाले, पण मी गुण कापले नाहीत.