कर सल्लागार निवडताना

वणी, पुसद, दिग्रसच्या बाजारपेठेत दुकानदार मालाचा भाव दहा ठिकाणी विचारतो. कर सल्लागार मात्र शेजाऱ्याच्या शब्दावर ठरवतो. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि ही सवय महाग पडू लागली. विवरणपत्र सल्लागाराने भरले तरी त्यातील मजकुराची जबाबदारी कायद्याने व्यापाऱ्याचीच राहते.

कापसाचेच घ्या. शेतकऱ्याकडून कापूस घेतला तर नोंदणीकृत खरेदीदारालाच कर भरावा लागतो, हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून आहे. हा हिशेब तुम्ही कसा मांडता, असे पहिल्याच भेटीत विचारावे. उत्तर गोलमोल आले तर जिनिंगवाल्याने तेथे थांबू नये.

सी.ए. असेल तर सदस्य क्रमांक, वकील असेल तर सनद मागण्यात संकोच कसला? त्याच्या दोन जुन्या पक्षकारांचे जीएसटी क्रमांकही मिळवावेत. विवरणपत्रे केव्हा भरली गेली, हे पोर्टलवर कोणालाही पाहता येते. आम्हाला ही कसोटी शिफारशीपेक्षा खरी वाटते.

नोंदणीत मोबाईल व ई-मेल स्वतःचाच द्यावा. तो सल्लागाराचा असला की नोटीस आली तरी मालकाला पत्ता नसतो, आणि आदेशाविरुद्ध पहिले अपील तर तीन महिन्यांत करायचे असते. विलंब माफ झालाच तर आणखी एकच महिना.

"साहेबांना भेटून मिटवतो" म्हणणाऱ्याला सलाम करून उठावे. कराची रक्कम त्याच्या हाती न देता स्वतःच्या बँक खात्यातून भरावी आणि चलनाची प्रत दुकानातल्या फायलीला लावावी.