आईने पाहिलेला अर्धा चित्रपट

बालपणी घरच्यांबरोबर पाहिलेल्या चित्रपटांच्या आठवणी निघाल्या म्हणजे माणसे कथानकाविषयी फारसे बोलत नाहीत. नायक कोण होता, शेवट काय झाला, हे बहुधा विसरलेले असते. लक्षात राहिलेली असते ती दुपारपासून चाललेली घाई, शेजारच्या काकूंनी ऐन वेळी 'आम्हीही येतो' म्हटल्यामुळे झालेला खोळंबा, आणि अंधारात ठेचकाळत जागा शोधताना पडद्यावर चाललेला फिल्म्स डिव्हिजनचा वार्तापट. १९४८ साली स्थापन झालेल्या या सरकारी संस्थेचे वार्तापट दाखवणे चित्रपटगृहांना सक्तीचे होते. धरणे, पूर आणि मंत्र्यांच्या हस्ते होणारी उद्घाटने पाहून वडीलधारी मंडळी जांभया देत. मुलांना मात्र तोही चित्रपटच वाटे.

तालुक्याच्या गावी एखादेच चित्रपटगृह असे. खेड्यांत तेही नव्हते. तेथे जत्रेबरोबर तंबू येई. जमिनीवर बैठक, आणि मध्ये दोर वा कनात लावून एका अंगास पुरुष, दुसऱ्या अंगास बायका. एकत्र निघालेले कुटुंब दाराशीच दुभंगत असे. बारा-तेरा वर्षांच्या मुलाने कोणत्या बाजूस बसावे, हा त्या काळचा एक नाजूक प्रश्न होता. बायकांची तिकिटाची रांग वेगळी आणि आखूड असल्यामुळे एरवी घरात ज्यांना फारसे विचारले जात नसे, त्या आत्या-मावशींना खिडकीपुरते महत्त्व प्राप्त होई. पिशवीत चिवड्याचा नाहीतर दशम्यांचा डबा असेच.

या साऱ्या स्मरणरंजनात एक गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही. मध्यंतरानंतर, कधी त्याच्याही आधी, तान्हे मूल रडू लागे. मागून 'बाहेर न्या' असा पुकारा होई आणि आई उठे. वडील उठल्याची आठवण फार थोड्यांजवळ असेल. व्हरांड्यात मूल थोपटीत उभी असलेली आई आतले संवाद ऐके, आणि घरी परतताना तिला उरलेली कथा मुले सांगत. तिकीट पुरे काढलेले असे. चित्रपट अर्धाच पदरी पडे. तिने तक्रार केली नाही म्हणून तिला त्याचे काही वाटत नव्हते, असे समजणे सोयीचे असले तरी खरे नव्हे.

वास्तविक मराठी चित्रपटाने प्रारंभापासून आपला प्रेक्षक म्हणून कुटुंबच धरले होते. प्रभातचा 'संत तुकाराम' १९३६ साली प्रदर्शित झाला आणि मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला, तो काही एकट्या-दुकट्या शौकिनांच्या बळावर नव्हे. आचार्य अत्रे यांच्या 'श्यामची आई'ला पहिल्याच राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. त्या चित्रपटाने आईच्या महतीपायी प्रेक्षागृहे रडवली. त्याच वेळी किती आया कडेवरचे मूल शांत करीत दाराबाहेर उभ्या होत्या, याची नोंद कोण ठेवणार? १९७५ साली 'जय संतोषी माँ' आला, तेव्हा पायांतील चपला बाहेर काढून आत जाणाऱ्या बायकांची पुष्कळ थट्टा झाली. पण देवदर्शनासाठी घराबाहेर पडणाऱ्या बाईला कोणी अडवीत नाही, एवढा व्यवहार थट्टा करणाऱ्यांच्या ध्यानात आला नाही.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढे रविवारचा चित्रपट घरात आला. ज्यांच्या घरी संच, त्यांच्या घरी अवघी चाळ. आता तिकीट नव्हते, रांग नव्हती. पण चित्रपटाची वेळ आणि पोळ्यांची वेळ एकच होती. पुन्हा कथा तुकड्यातुकड्यांनीच तिच्या कानी आली. मध्ये कनातीऐवजी स्वयंपाकघराची भिंत.

आज कनात नाही, बायकांची वेगळी रांगही नाही. त्यांच्या जागी किंमत आली आहे. बहुपडदा चित्रपटगृहात चौघांचे कुटुंब गेले तर तिकिटांइतकाच खर्च मध्यंतरातील लाह्यांवर आणि शीतपेयांवर होऊ शकतो. बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेण्यास मनाई करण्याचा चित्रपटगृहांच्या मालकांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने ३ जानेवारी २०२३ रोजी मान्य केला. पिण्याचे पाणी विनामूल्य द्यावे आणि तान्ह्या मुलांसाठी वाजवी प्रमाणात खाणे नेऊ द्यावे, अशा दोन सवलती त्यात आहेत. मालमत्ता ज्याची, अटी त्याच्या, हा युक्तिवाद कायद्याच्या दृष्टीने निर्दोष असेल. परंतु बाळाची बाटली आत गेली आणि दशम्यांचा डबा दाराशी राहिला, तर कारकुनाच्या घरातील हिशेब पुन्हा त्याच ठिकाणी येतो: 'तुम्ही जाऊन या, मी घरीच थांबते.' हे वाक्य कोण म्हणते, ते सांगायला नको. चित्रपट उद्योगाला प्रेक्षक कमी झाल्याची चिंता असेल, तर त्याने शोध या वाक्यापासून सुरू करावा.

त्याच वर्षी जूनअखेरीस 'बाईपण भारी देवा' प्रदर्शित झाला. सहा बहिणींच्या त्या कथेसाठी बायका गटागटाने निघाल्या. कोणी भिशीच्या मैत्रिणींबरोबर, कोणी जावा-नणंदांबरोबर, कित्येक नऊवारी नेसून. त्यांत साठीच्या पुढच्याही पुष्कळ होत्या. नातवंडे घरी होती, पोळ्या सकाळीच करून ठेवलेल्या होत्या, आणि मध्यंतरानंतर त्यांना बाहेर बोलावणारे कोणी नव्हते.