बंदरावर उतरण्याआधी बॅगेतला कपडा पाहा

आमच्या कापड लाइनीत एक माल असा आहे की तो दुकानात फार दिवस पडून राहत नाही. गिऱ्हाईक त्याला मिल्ट्री प्रिंट म्हणते, पोरे कमांडो म्हणतात आणि ठोक व्यापाऱ्याच्या बिलावर कॅमोफ्लाज असे लिहून येते. हिरवे, तपकिरी, काळे डाग एकमेकांत मिसळलेले. ताडोबा पाहायला येणाऱ्यांमुळे चंद्रपुरात या मालाला चांगलाच उठाव आहे. मोहर्ली गेटकडे निघालेला पर्यटक टोपी, जाकीट, अर्धी पँट सगळे त्याच छाप्यात मागतो. हा कपडा घातला की वाघाला आपण दिसत नाही, अशी त्याची समजूत असते. जिप्सीत बसून गप्पा मारणारी माणसे वाघाला दिसतात आणि ऐकूही येतात, पण गिऱ्हाइकाची समजूत मोडणे हे दुकानदाराचे काम नव्हे.

याच मालातली एक अर्धी पँट मी माझ्या पुतण्याला भेट दिली होती. हा मुलगा एका प्रवासी जहाजावर लाँड्री खात्यात कामाला आहे. आपल्या भागातली बरीच मुले आज आखाती देशांत आणि जहाजांवर रोजगाराला जातात, त्यामुळे वाचक बांधवांपैकी पुष्कळांच्या घरी असा एखादा मुलगा असेल. जहाज वेस्ट इंडीजच्या बेटांकडे गेले. बार्बाडोसच्या ब्रिजटाउन बंदरात त्याला चार तासांची सुट्टी मिळाली. 2024 च्या जूनमध्ये आपल्या संघाने टी-ट्वेंटी विश्वचषकाची फायनल जिंकली, तेच हे ब्रिजटाउन. स्टेडियम बाहेरून तरी पाहू म्हणून हा मुलगा मी दिलेली पँट चढवून शिडीवर आला. तिथे जहाजाच्याच सुरक्षा कर्मचाऱ्याने त्याला अडवले आणि म्हणाला, हे घालून उतरलास तर परत येशील की नाही ते सांगता येत नाही. जा, बदलून ये.

मुलाने फोनवर हसत हसत ही हकीकत सांगितली, पण मला त्या रात्री झोप लागली नाही. परक्या मुलखात पोलिसांनी धरले असते, जहाज वेळेवर सुटून गेले असते आणि नोकरीवर पाणी पडले असते. कापडात तीस वर्षे काढलेल्या चुलत्याने स्वतःच्या हाताने दिलेला कपडा, आणि त्याच कपड्याचा तिथे गुन्हा होतो हे चुलत्यालाच माहीत नाही! तेव्हापासून या विषयाची मी चौकशी करत आलो आहे. ती माहिती आपल्या बांधवांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे देतो.

बार्बाडोस, जमैका, त्रिनिदाद-टोबॅगो, सेंट लुसिया, सेंट व्हिन्सेंट, ग्रेनाडा, अँटिग्वा या देशांत लष्करी छाप्याचा कपडा सामान्य माणसाने घालणे कायद्याने मना आहे. पाहुणा, पर्यटक, खलाशी, कोणालाही सूट नाही. लहान मुलांचे कपडेही यात आले. टोपी, पाठीवरची बॅग आणि बूट यांनाही तोच नियम लागतो. रंगाने फरक पडत नाही. गुलाबी किंवा निळ्या डागांचा छापा असला तरी तो छापाच. काही ठिकाणी कस्टमवाले माल काढून घेऊन सोडून देतात, काही ठिकाणी दंड होतो, आणि कायद्यात कैदेचीही तरतूद असते. आफ्रिकेत नायजेरिया, घाना, झांबिया, झिंबाब्वे येथेही अशीच बंदी आहे. लागोस किंवा टेमा बंदरात माल घेऊन जाणाऱ्या जहाजावर आपली मुले असतात, त्यांनी हे लक्षात ठेवावे. युगांडाने तर 2019 साली लाल बेरेट टोपीचीही लष्करी पोशाखात नोंद करून ती सामान्यांना बंद केली. ती टोपी तिथल्या विरोधी पक्षाच्या लोकांची ओळख झाली होती.

या बंदीमागे कारण आहे. लहान देशाची फौजही लहान असते. सैनिक आणि साधा माणूस यांतला फरक लोकांना एका नजरेत कळला पाहिजे. चोर-दरोडेखोर सैनिकाच्या कपड्यात नाक्यावर उभे राहिले तर लोक मुकाट्याने गाडी थांबवणारच. आफ्रिकेतल्या ज्या देशांनी लष्करी बंड आणि यादवी पाहिली, त्यांना तर हा छापा दिसला की जुने दिवस आठवतात.

गडचिरोलीच्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. आमच्या दोन जिल्ह्यांत कापडाच्या रंगाची जेवढी किंमत लोकांनी मोजली तेवढी क्वचितच कुठे मोजली असेल. जंगल खात्याचा खाकी, राखीव पोलिसांचा, केंद्रीय दलाचा, 1990 पासून सी-60 जवानांचा, आणि जंगलात माओवाद्यांचा गडद हिरवा. जाता जाता सांगतो, खाकी हा शब्द आमच्या उर्दू शाळेतलाच. खाक म्हणजे माती. 1846 साली पेशावरला उभ्या राहिलेल्या गाइड्स पलटणीने मातीच्या रंगाचा कपडा अंगावर घेतला आणि पुढे सगळ्या जगाच्या फौजांनी तो उचलला.

त्या काळात आम्हा दुकानदारांचा एक न लिहिलेला दस्तूर होता. अनोळखी माणसाने गडद हिरव्या कापडाचे अख्खे थान मागितले की माल संपला असे सांगायचे. थान विकावे तर उद्या विचारणा होणार की कोणाला विकले, आणि न विकावे तर मागणारा कोण आहे हे ठाऊक नाही. धानोऱ्याकडचे एक जुने गिऱ्हाईक होते. घरातल्या मुलांच्या कपड्यांसाठी त्याने माझ्याकडून बारा मीटर हिरवे कापड नेले. स्वस्त होते आणि मळखाऊ होते, एवढाच त्याचा विचार. वाटेत एका नाक्यावर त्याला उतरवून घेतले आणि दिवसभर बसवून ठेवले. मी बिल दिले नव्हते. पन्नास-साठ रुपयांच्या घाईत बिल कोण फाडतो? संध्याकाळी तो सुटला, पण पुन्हा माझ्या दुकानाची पायरी चढला नाही. ती चूक माझीच होती.

आता दिवस पालटले आहेत. 2025 च्या ऑक्टोबरात माओवाद्यांचा मोठा नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने 60 साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. तरी हिरव्या कापडाचे बिल मी आजही फाडतो आणि थान मागणाऱ्याचे नाव-गाव लिहून घेतो.

शिंपी आणि रेडिमेड शिवणाऱ्या कारागिरांनी आपल्या देशाचा कायदाही समजून घ्यावा. सैनिक नसताना लोकांना सैनिक वाटावे अशा इराद्याने तसा पोशाख करणे हा जुन्या दंड संहितेत 140 कलमाखाली गुन्हा होता. 1 जुलै 2024 पासून तो भारतीय न्याय संहितेच्या 168 कलमात आला आहे. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा 2000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. यातला इरादा हा शब्द महत्त्वाचा. ताडोबाच्या पर्यटकाने डागाडागांची टोपी घातली म्हणून या कलमाखाली गुन्हेगार ठरत नाही. पण हुबेहूब वर्दी शिवून बिल्ले लावून द्यायला कोणी सांगितले तर आधी त्याचे ओळखपत्र पाहावे. 2016 च्या जानेवारीत पठाणकोटच्या हवाई तळावर हल्ला करणारे लष्करी पोशाखात आले होते. त्यानंतर लष्कराने दुकानदारांना असा माल विकू नका आणि लोकांना तो घालू नका असे आवाहन केले होते.

दुसरी गोष्ट नव्या छाप्याची. 15 जानेवारी 2022 च्या लष्कर दिनाला जवानांचा जो नवा बारीक चौकटींचा पोशाख पुढे आला, त्याचे डिझाइन निफ्ट या संस्थेच्या मदतीने तयार झाले आणि त्याच वर्षी लष्कराने ते आपल्या नावावर नोंदवून घेतले. अशी नोंदणी 10 वर्षे चालते आणि पुढे 5 वर्षे वाढवता येते. म्हणजे तो छापा गिरणीवाल्याने परवानगीशिवाय छापला किंवा कारागिराने शिवून विकला तर प्रकरण कोर्टात जाऊ शकते. कोणी हा माल ठोकात स्वस्त देतो म्हणाला तर स्वस्त का देतो ते आधी विचारावे. बाजारातले जुने मोठ्या डागांचे छापे वेगळे आहेत, आणि दोन्ही नमुने शेजारी ठेवले की फरक डोळ्याला लगेच कळतो.

पुन्हा बंदरांकडे वळू. कुटुंबासह युरोपात जाणाऱ्या बांधवांना तिथला चेहरा झाकण्याचा कायदा माहीत हवा. फ्रान्समध्ये 11 एप्रिल 2011 पासून सार्वजनिक जागी चेहरा झाकता येत नाही, दंड 150 युरोपर्यंत. मार्सेयच्या गोदीत उतरलात की हा कायदा लागू झाला. बेल्जियममध्ये त्याच वर्षी, डेन्मार्कमध्ये 1 ऑगस्ट 2018 पासून अशीच बंदी आहे. नेदरलँड्समध्ये 2019 पासून ती बस-रेल्वे, सरकारी कचेऱ्या, शाळा आणि इस्पितळे एवढ्यापुरती आहे. डोक्यावरचा रुमाल किंवा ओढणी घेऊन रस्त्यावर फिरायला या देशांत हरकत नाही. नकाब आणि हिजाब यांत कायद्याने हा फरक केला आहे आणि घरच्या बायकांना तो निघण्याआधी सांगितलेला बरा. या कायद्यांबद्दल आपले मत काय आहे ते तिथला शिपाई विचारत नाही.

उलट बाजूला इराण आहे. चाबहार किंवा बंदर अब्बासला उतरणाऱ्या बाईने डोके झाकले पाहिजे असा तिथला कायदा आहे, आणि तो परदेशी बाईलाही लागतो. सौदी अरबने 2019 साली पर्यटकांना व्हिसा खुला केला तेव्हा परदेशी बायकांना अबायाची सक्ती ठेवली नाही, पण अंगभर सभ्य कपडा पाहिजे असे सांगितले. त्याच वर्षीच्या सार्वजनिक शिष्टाचाराच्या नियमांत असभ्य चित्र किंवा मजकूर छापलेला कपडा दंडास पात्र आहे. अर्धी पँट घालून मशिदीत किंवा सरकारी कचेरीत गेलेल्या पुरुषालाही पुढे त्या यादीत घातले गेले. आपली पोरे इंग्रजी मजकुराचे टी-शर्ट घेतात आणि त्यावर काय लिहिले आहे ते स्वतः वाचतही नाहीत. जेद्द्याला निघालेल्या मुलाचे टी-शर्ट एकदा कोणाकडून तरी वाचून घ्यावेत.

आणि हे सगळे फक्त गरीब किंवा कडक देशांतच चालते असे कोणी समजू नये. इटलीतल्या सोरेंटो या किनाऱ्यावरच्या शहराने 2022 साली उघड्या अंगाने किंवा पोहण्याच्या कपड्यात रस्त्यावर फिरणाऱ्याला 500 युरोपर्यंत दंड लावला.

नियम बदलत राहतात, म्हणून निघण्याआधी त्या देशाच्या वकिलातीची माहिती पाहावी. जहाजावरच्या मुलांनी प्रत्येक बंदराच्या आदल्या दिवशी सूचना फलक वाचावा. ब्रिजटाउनची सूचनाही फलकावर लागलेली होती, पुतण्याने ती पाहिली नव्हती. मी माझ्यापुरते एक केले आहे. मिल्ट्री प्रिंटचा माल घेणारा तरुण दिसला की पोरा, परदेशी चालला आहेस का, असे विचारतो. हो म्हणाला तर साधी काळी पँट दाखवतो. पुतण्याला मागच्या सुट्टीत तशाच दोन दिल्या. ती डागांची अर्धी पँट त्याने घरी आणून ठेवली आहे आणि आता त्याचा धाकटा भाऊ ती घालून शेतात जातो.