जुनी गाडी घेताय? बोनेट नंतर उघडा, आधी आरसी बघा

मागच्या एपिसोडनंतर बऱ्याच जणांनी विचारलं, सेकंड हँड छोटी गाडी घेताना नक्की बघायचं काय? तर आज माझीच गोष्ट सांगतो.

मी एक स्विफ्ट बघितली होती. एमएच-14 पासिंग, फर्स्ट ओनर, किंमत सव्वाचार लाख. गाडी अशी चकाचक की मी लगेच वीस हजार टोकन द्यायला निघालो. सोबत गॅरेजवाला मित्र होता. तो म्हणाला, "आधी आरसी दाखवायला सांग." आरसीवर बँकेचं नाव होतं. म्हणजे गाडीवर कर्जाचा बोजा. मालक म्हणाले, "अहो, लोन कधीच फिटलंय, फक्त एचपी उतरवायची राहिलीय." मी बँकेची एनओसी मागितली. आज देतो, उद्या देतो करत दोन आठवडे गेले. एनओसी काही आली नाही. मी तो नाद सोडला.

जमीन घेताना आपण सातबारा बघतो ना? गाडीचा सातबारा म्हणजे आरसी. लोन फिटलं तरी आरटीओच्या रेकॉर्डवरून बँकेचं नाव आपोआप जात नाही. त्यासाठी बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 लागतो. ते झाल्याशिवाय गाडी तुमच्या नावावर होणं अवघड. पैसे गेले, गाडी दारात, पण कागदावर मालक दुसराच!

आरसी क्लिअर असेल तर चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरशी जुळवा. ई-चलन साइटवर जुने दंड बघा.

आता बोनेट. मालकाला आधीच सांगा, गाडी सुरू करून ठेवू नका. पोचल्यावर बोनेटला हात लावा. गरम असेल तर थंड इंजिन कसं सुरू होतं, हे तुम्हाला कळणारच नाही. मग टायर. टायरवर चार आकडे असतात. 2321 म्हणजे 2021 सालचा 23वा आठवडा. मीटर 28 हजार दाखवतंय आणि चारही टायर नवे? मग सर्व्हिस रेकॉर्ड मागाच. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. टोकाला चिखलाचे डाग असतील तर गाडी पुराच्या पाण्यात गेली असू शकते.

सौदा ठरला की फॉर्म 29 आणि 30 वर सह्या घ्या. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. इन्शुरन्ससुद्धा 14 दिवसांत नावावर करायला टाका. थर्ड पार्टी कव्हर गाडीबरोबर येतं. पण तुमच्या गाडीचं नुकसान झालं आणि पॉलिसी जुन्या मालकाच्याच नावावर असेल, तर क्लेम अडकतो. आणि हो, नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा असतो, तो तुम्हाला मिळत नाही. त्यामुळे प्रीमियम थोडा वाढेल, बजेटमध्ये धरा.

शेवटी मी वॅगन आर घेतली. बंपरवर ओरखडे आहेत, पण आरसीवर फक्त माझं नाव आहे. परवा आई-बाबांना त्याच गाडीतून जेजुरीला नेऊन आणलं.

तुमचा कोणी मित्र टोकन द्यायच्या तयारीत असेल, तर हा एपिसोड त्याला आजच पाठवा. भेटू पुढच्या वेळी!